समस्त वानर, गैरहजर

वकीलबाई बोलायला सुरुवात करण्याआधी टेबलावर पंजा ठेवायच्या. आपटायच्या नाहीत, ठेवायच्या. पाची बोटं पसरून, समोरच्याच्या कागदांवरच. तो हात उठेपर्यंत तुम्हाला तुमचाच कागद हलवता यायचा नाही. मग त्या विचारायच्या, "भाऊसाहेब, कागदावर नाव कुणाचं हाय?"

कचेऱ्यांच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत त्यांना ठाऊक असेल, की तिथं या एका प्रश्नाखेरीज बाकी सगळं बोललं जातं. शेत कोण कसतो, बांध कोणी कोरला, कोण कुणाचा मेव्हणा, कुणाचा फोन आला होता. बाई हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायच्या, नाव कुणाचं हाय?

मी आपल्या जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत जमिनीच्या तंट्यांच्या टेबलावर कारकून होतो. बाई धाराशिवहून एसटीनं यायच्या. काळा कोट घडी करून नायलॉनच्या पिशवीत, त्याच पिशवीत भाकरीचं फडकं, त्याच पिशवीत पक्षकारांच्या फायली. कोटाला शेंगदाण्याच्या चटणीचा वास यायचा आणि त्याची त्यांना अजिबात पर्वा नसायची. मूळच्या आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लेखी म्हणणं असं लिहायच्या की साहेबांना शब्दकोश काढावा लागे, पण तोंडानं शेवटपर्यंत घरचंच बोलल्या.

एकदा एक नवे साहेब म्हणाले, "मॅडम, जरा शुद्ध बोलता येईल का?"

बाईंनी पंजा ठेवला. "शुद्ध लिवलंय की साहेब, ते वाचा. बोलनं माझ्या आईचं हाय, ते कशाला बदलू?"

रागीट होत्या, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण तो राग मला कधी जड गेला नाही. माझी साखर वाढल्याचं कुणाकडून तरी कळलं, तेव्हापासून माझ्या टेबलावर चहाचा कप दिसला की त्या तो सरळ उचलून स्वतः पिऊन टाकायच्या. "तुमी मेल्यावर मला कागदांच्या नकला कोन द्येनार?" असं वर ऐकवायच्या. कचेरीतला माठ रिकामा दिसला की शिपायाला हाक न मारता पदर खोचून स्वतःच भरायच्या. भरताना शिपायाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असायचा, ती गोष्ट वेगळी.

त्यांच्या पिशवीत आणखी एक फाईल असायची. तिच्यात वर्तमानपत्रांची कात्रणं. परदेशात कुठं कुठं चिंपांझीसाठी, ओरांगउटानसाठी, गोरिलासाठी वकील कोर्टात उभे राहिले होते. पिंजऱ्यातला हा जीव म्हणजे कुणाच्या मालकीची वस्तू नव्हे, कायद्यानं त्याला व्यक्ती माना, असं त्यांचं म्हणणं. कुठं ते ऐकलं गेलं, बहुतेक ठिकाणी फेटाळलं गेलं. बाई ही कात्रणं चहाच्या गाड्यावर वाचून दाखवायच्या आणि आम्ही हसायचो.

आमच्याकडं एक गॉगल लावणारे वकीलसाहेब होते. ते म्हणाले, "उद्या तुमचा चिंपांझी मतदानाला येईल, बाई."

"देवळातल्या देवाच्या नावावर जमीन ऱ्हाती का न्हाय?" बाई म्हणाल्या. "कंपनीच्या नावावर ऱ्हाती का न्हाय? कंपनीला कुनी इथं चा पिताना बघितलंय?"

मी सगळ्यात मोठ्यानं हसलो होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात मी कुठं उभा होतो ते तुम्हाला कळायला हवं.

आमच्या तालुक्यात एक गाव आहे. तिथं गावाबाहेर चिंचेची, आंब्याची जुनी झाडं आहेत आणि मधोमध एक वड. होती, म्हणायला हवं. वड आहे. ही जमीन सातबाऱ्यावर 'समस्त वानर' या नावानं आहे. कोणी दिली, कधी दिली, कोणालाच सांगता येत नाही. निजामाच्या वेळच्या मोडी-उर्दू कागदांतही तेच नाव आहे, एवढं मी स्वतः पाहिलं आहे. गावात लग्न असलं की पहिलं ताट वडाखाली जातं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं खाली उतरतात, बुंदी निवडून खातात, भात उधळतात, आणि मगच नवरदेवाकडच्या मंडळींची पंगत बसते. एकदा मुरुम गावाकडून आलेल्या वऱ्हाडानं यावरून रुसवा धरला होता, तर मुलीच्या बापानं त्यांची समजूत घालायचं सोडून वानरांची वाट बघितली.

त्या झाडांखाली काळा दगड आहे. दगड दिसला की खडीचं मशीन घेऊन कोणीतरी येतोच. तसा एक जण आला, आणि त्यानं गॉगलवाल्या वकिलांमार्फत आमच्याकडं अर्ज टाकला. वानर हा प्राणी आहे, प्राण्याला जमीन धारण करता येत नाही, सबब नाव कमी करून जमीन सरकारजमा करावी. सरकारजमा झाली की पुढं ती भाड्यानं कोणाला मिळणार, हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं.

अर्ज आला की ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला नोटीस काढायची. माझी बोटं वर्षानुवर्षं हेच करत आलेली. सातबारा समोर ठेवला, नाव बघितलं आणि टाइप केलं. श्री. समस्त वानर, राहणार अमुक गाव, आपण स्वतः अथवा वकिलामार्फत हजर राहून म्हणणे मांडावे, अन्यथा काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल. साहेबांनी ढिगातली नोटीस न वाचता सही केली. गावात नोटिसा पोचवणारा कोतवाल ती घेऊन गेला. तोही तीस वर्षं हेच करत होता. चार दिवसांनी त्याचा अहवाल आला, दोन पंचांच्या सह्यांसकट.

'सदर इसम चिंचेच्या झाडावर हजर मिळून आले. नोटीस घेणेस सांगितले असता नकार देऊन शेंड्यावर निघून गेले. सबब नोटीस झाडास डकवून पंचनामा केला.'

आम्ही पोट धरून हसलो. कोणीतरी फोटो काढला, तो तालुकाभर फिरला. बाईंपर्यंतही पोचला असावा, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्या दारात. पंजा माझ्या टेबलावर.

"नोटीस कुनी काढली?"

"मी. चुकून निघाली, मॅडम."

"चुकून न्हाय, बरोबर निघाली. सरकारनं पयल्यांदा त्येला माणसावानी नोटीस दिली. कशाला हसायलाव? नक्कल द्या मला."

नक्कल घेतली, दोनदा वाचली आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली, पिशवीत नाही. त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "परदेशात लोक दहा-दहा वर्षं भांडायलेत, जनावराला पक्षकार माना म्हून. आन तुमी ते बसल्या जागी करून टाकलं, भाऊसाहेब."

मग त्या गावात गेल्या. लहान मुलाच्या नावावर जमीन असली की त्याच्या वतीनं सही करायला मोठं माणूस लागतं, तसं वानरांच्या वतीनं गावातल्या कोणीतरी सही करावी, एवढंच त्यांचं मागणं. दिवसभर दारोदार फिरल्या. पाणी मिळालं, चहा मिळाला, जेवणाचा आग्रह झाला. सही कोणी केली नाही. खडीवाल्याशी वाकडं कोण घेणार? वडाखाली ताट नेणाऱ्या, हात जोडणाऱ्या माणसांनी पेन बघितल्यावर हात मागं घेतले.

"ताट द्यायला येतं, आन सही द्यायला येत न्हाय व्हय?" पारावर उभं राहून त्यांनी विचारलं. मी तिथं होतो. त्यांनी मला सोबत नेलं होतं, कचेरीचा माणूस दिसला तर लोकांना धीर येईल म्हणून. मी मान खाली घालून उभा होतो.

शेवटी बाईंनी पालक म्हणून स्वतःच सही केली आणि तारखेला वकीलपत्र दाखल केलं. साहेबांनी ते लांबूनच बघितलं. म्हणाले, "मॅडम, जनावर वकील नेमू शकत नाही. हे दाखल करून घेता येणार नाही." गॉगलवाले हसले. वकीलपत्र परत झालं.

दुपारी साहेबांनी मला बोलावून निकाल सांगितला आणि मी टाइप केला. 'सामनेवाले समस्त वानर यांना नोटीस बजावणी होऊनही ते गैरहजर राहिल्याने त्यांना काही म्हणणे मांडावयाचे नाही असे गृहीत धरून प्रकरण एकतर्फी निकाली काढण्यात येत आहे.'

टाइप करताना मला कळलं होतं. मी काही दुधखुळा नव्हतो. सकाळी जे वकील नेमू शकत नव्हते तेच दुपारी गैरहजर राहिले म्हणून हरत होते. साहेबांना म्हणू शकलो असतो की साहेब, हे दोन्ही एकदम कसं बसेल? म्हणालो नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि साहेबांना घाई होती.

बाईंनी निकाल उभ्यानंच वाचला. मला वाटलं, ओरडतील. त्यांचा आवाज उलट खाली गेला.

"नोटीस घ्यायला माणूस, आन वकील द्यायला जनावर?"

मी टेबलावरचे कागद सरळ करू लागलो.

"ह्ये तुमी टाइप केलं?"

"साहेबांनी सांगितलं, मॅडम. मी काय करणार?"

"सायबानं सांगितलं, व्हय. बोटं कुणाची हुती?"

त्या निघून गेल्या. माझा चहाचा कप तसाच टेबलावर राहिला. त्या दिवशी मी तो प्यालो, दोन चमचे साखर घालून, आणि मला स्वतःचा इतका राग आला की कप धुवायला गेलो तो मोरीत फोडला.

बाईंनी वानरांच्या पालक म्हणून धाराशिवला अपील केलं, आणि तिथं ते निदान दाखल तरी करून घेतलं गेलं. त्याच सुमारास तिथल्या एका कॉलेजात चर्चासत्र होतं, 'महावानरांना कायदेशीर हक्क असावेत का?' म्हणून. बाईंचा निरोप आला, "या." निकालानंतर त्यांनी माझं तोंड बघितलं नव्हतं, म्हणून मी रजा टाकून गेलो. पाहुणे पुण्याचे, भले गृहस्थ. त्यांनी छान समजावून सांगितलं. चिंपांझी, गोरिला यांना शेपूट नसतं, ती आपली जवळची भावंडं. आरशात स्वतःला ओळखतात, मेलेल्या पिलाला दिवसेंदिवस उराशी धरतात, काठीनं मुंग्या काढून खातात. अशा जिवाला वस्तू म्हणून पिंजऱ्यात कसं ठेवायचं? सभागृहानं टाळ्या वाजवल्या. दुसरे एक प्राध्यापक उठून म्हणाले, हक्क त्यालाच ज्याला कर्तव्यं कळतात. त्यालाही टाळ्या. अध्यक्षस्थानी कोण होतं म्हणता? आमचे गॉगलवाले. सभागृहात गॉगल काढून बसले होते. चिंपांझीच्या पिलाची गोष्ट ऐकताना ते डोळे पुसत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाई उठल्या.

"तान्ह्या लेकराला कोनतं कर्तव्य हाय, सर? तरी त्याच्या नावानं जमीन ऱ्हाती. आन पाव्हनं, तुमाला इचारते. इथनं तासाभरावर वानरांची जमीन हाय, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नावानं. ती काढून घ्यायलेत. त्याचं काय?"

पाहुणे गोंधळले. प्रामाणिक माणूस, टाळाटाळ केली नाही त्यांनी. म्हणाले, शेपटीची वानरं या मांडणीत येत नाहीत. सध्या वाद फक्त महावानरांपुरता आहे. आरशातली ओळख वगैरे त्यांच्यात तशी सिद्ध नाही.

"म्हंजी आरशात तोंड वळखलं तरच जमीन ऱ्हाती?" बाई म्हणाल्या. "मग आमच्या जिल्ह्यात कितीजनांची ऱ्हाईल, अध्यक्षसाहेब?"

सभागृह हसलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, चहा थंड होतोय." आणि खरोखरच सगळे चहाला उठले. माणसं अशी कशी उठू शकतात, हे मला आजही कळत नाही. हजारो कोसांवरच्या चिंपांझीसाठी डोळे ओले करायचे, आणि तासाभरावर चाललेल्या लुटीचा विषय निघाला की बिस्किटं शोधायची. त्या दिवसापासून मला चर्चासत्र हा शब्द ऐकला तरी तोंडात कडू येतं.

एसटी स्टँडवर बाकावर बसून बाईंनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. मग म्हणाल्या, "चिंपांझीला द्यावंच हक्क. म्या न्हाय म्हनत न्हाय. पर तो आपल्यावानी हाय म्हून द्यायचं, ह्ये मला पटत न्हाय, भाऊसाहेब. आपल्यावानी न्हाय त्याचं मग काय करायचं? माझ्या बापाला पन हे लोक आपल्यावानी समजत न्हवते." आणि पाण्याची बाटली पुढं केली. मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही.

लागून तीन सुट्ट्या आल्या. कचेऱ्या बंद, कोर्ट बंद. त्या तीन दिवसांत खडीवाल्यानं चिंचा आणि आंबे साफ केले. चौथ्या दिवशी बाई आणि मी अपिलात मिळालेली स्थगिती घेऊन जीपनं गावात पोचलो, तेव्हा करवत वडाच्या पारंब्यांपर्यंत आली होती. वड वाचला. वानरं शाळेच्या पत्र्यावर, पंचायतीच्या टाकीवर बसली होती, आणि ज्यांच्या लग्नात त्यांना पहिलं ताट मिळायचं तीच माणसं त्यांना हाकलायला फटाके लावत होती. बाई आडव्या पडलेल्या चिंचेच्या बुंध्यावर बसल्या. बुंध्याला माझ्या नोटिशीचा एक कोपरा चिकटलेला होता, खळीसकट. त्यांनी तो नखानं हळूहळू खरवडून काढला आणि मला दिला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मी निवृत्त झालो. दिवाळीच्या आधी बाई गेल्या. पायाला जखम झाली होती, साखर त्यांनाही होती. माझा चहा पिऊन टाकणाऱ्या बाईंनी स्वतःची साखर कधी तपासली नव्हती. दवाखान्यात गेलो तर बेशुद्ध होत्या. उशाशी नायलॉनची पिशवी होती आणि पंजा चादरीवर पसरून ठेवलेला.

त्यांच्या अपिलाची तारीख मला पाठ होती. मी धाराशिवला गेलो, मागच्या बाकावर बसलो. मला माहीत होतं काय होणार आहे. वकील नाही, पक्षकार नाही, म्हणजे अपील काढून टाकणार. त्याबरोबर स्थगिती जाणार आणि स्थगितीबरोबर वड. मी फक्त बघायला गेलो होतो, निदान तसं स्वतःला सांगत होतो.

शिपायानं दारात उभं राहून पुकारा केला. "समस्त वानर हाजिर हैऽ?" बाहेर व्हरांड्यात हशा झाला. दुसरा पुकारा. गॉगलवाले पुढच्या बाकावर पाय हलवत बसले होते. तिसरा पुकारा. अपील ऐकणारे साहेब न बघताच म्हणाले, "लिहा, गैरहजर."

बाजूच्या टेबलावर माझ्यासारखेच एक कारकून होते. डोक्यावर टक्कल, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. मला त्यांची बोटं दिसली.

मी कधी उठलो ते आठवत नाही. त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि कागदावर पंजा ठेवला, पाची बोटं पसरून.

"भाऊसाहेब, ते टाइप करू नका," मी म्हणालो. "हजर आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "कोण हजर आहे? तुम्ही कोण?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी बाईंचं उत्तर शोधत होतो. त्यांनी एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद केली असती. मला ते वाक्य सापडलं नाही. पण हातही उचलला नाही.